पांढरीचा हिशेब

८.७३ मीटर. यवतमाळ जिल्ह्याच्या बाभूळगाव तालुक्यात पाचखेड गावालगत एक टेकाड आहे. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये ते खणले, तेव्हा माणसांच्या वावराने साचलेली माती इतकी खोल निघाली. म्हणजे जवळजवळ तिमजली घराच्या उंचीची. तळाशी लोहयुगातली वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, त्यावर मध्ययुग आणि सगळ्यात वर निजामकाळातल्या टेहळणीच्या जागेच्या खुणा. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी अॅक्सेलरेटर सेंटरकडे पाठवलेल्या नमुन्यांचा अहवाल आला आणि २०२५ मध्ये बातम्या झळकल्या : यवतमाळ जिल्ह्यात तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती.

बातमीत दोन आकडे होते, म्हणून साहजिकच भागाकार करावासा वाटतो. ८,७३० मिलिमीटर भागिले ३,००० वर्षे, म्हणजे वर्षाला २.९१ मिलिमीटर. शंभर वर्षांत जेमतेम एक फूट माती. उत्तर ऐकायला छान आहे, आणि ते जवळजवळ निरुपयोगी आहे.

का, ते एका घरावरून पाहू. याच जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कुठल्याही गावात अजून दिसणारे मातीच्या भिंतींचे घर घ्या. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, भिंत अर्धा मीटर जाड आणि अडीच मीटर उंच. चारही भिंतींची लांबी मिळून २० मीटर, म्हणून त्यांत २५ घनमीटर माती. घर सोडून दिले, छपराची लाकडे लोकांनी काढून नेली की दोन-तीन पावसाळ्यांत भिंती बसतात. ती माती घराच्या जागेवर आणि अंगणात मिळून ६० चौरस मीटरवर पसरली, तर जवळजवळ ४२ सेंटिमीटरचा थर तयार होतो. आपल्या सरासरीप्रमाणे तेवढी माती साचायला १४३ वर्षे लागायला हवी होती. उलट एखादे अंगण रोज झाडून, सारवून पन्नास वर्षे वापरले, तर तिथे बोटभर थरही वाढत नाही. टेकाड वर्षाला तीन मिलिमीटर वाढत नसते. ते एकदम ढासळून वाढते, मग थांबते, कधी पावसात झिजते, कधी ओसाड पडते. आणि पाचखेडच्या लोहयुगीन थरात लाकडी खांबांच्या खुणा आणि चुनखडीची जमीन असलेले गोल घर सापडले. कुडाचे असे घर पडले तर त्यातून मातीही कमीच निघणार.

जमिनीतून काढलेला प्रत्येक आकडा कुठल्या थरातला आणि तो थर कसा तयार झाला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. भूपुरातत्त्व नावाच्या शाखेचे काम नेमके हेच. गाडलेल्या वस्तूंकडे पाहण्याआधी त्या ज्या मातीत गाडल्या गेल्या, त्या मातीची जबानी ती घेते.

तशी भारतातल्या अश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवातच भूवैज्ञानिकांनी केली. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार उचलणारे रॉबर्ट ब्रूस फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, पैठणजवळच्या मुंगी येथे गोदावरीच्या गाळात माणसाने घडवलेला अकीकाचा छिलका टिपणारे वायन हेही त्याच खात्याचे. महाराष्ट्राच्या अश्मयुगाचा पहिला साक्षीदार असा खडकांच्या शोधात निघालेल्या माणसाला भेटला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलिया यांच्याभोवती जो संच जमला, त्यात शरद राजगुरू यांच्यासारखे भूवैज्ञानिक होते, आणि उत्खननाच्या खड्ड्याइतकेच नदीच्या काठाकडे पाहायची सवय मराठी पुरातत्त्वाला त्यांच्यामुळे लागली.

पण ज्या शब्दावरून या लेखाचे नाव आले, तो कुठल्या विद्यापीठातला नाही. गावाच्या जमिनीचे आपल्याकडे दोनच भाग : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. भोसल्यांच्या नागपूर राज्यात शेती न करणाऱ्या लोकांकडून घेतल्या जाणाऱ्या कराला ‘पांढरी’ म्हणत, इतका हा भेद व्यवहारात मुरलेला होता. चुलीची राख, गोठ्यातले शेण, पडक्या भिंती, चुना, हाडे, खापरे आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर चाललेले पाय, यांनी मूळची काळी माती करडी होते. गाव उठून गेले तरी माती पांढरी राहते. मराठवाड्यापासून वऱ्हाडापर्यंत पुरातत्त्वज्ञ एखाद्या गावात गेले की ‘इथे पांढरीचे टेकाड कुठे आहे’ असे विचारतात आणि गुराखी बोट दाखवतो. प्रयोगशाळेतले पुढचे सगळे आकडे म्हणजे एका अर्थाने या रंगाचे मोजमाप आहे.

आधी काळीचे पाहू, कारण विदर्भात सगळा घोळ तिथेच होतो. घाटंजी वाघाडी नदीच्या काठी आहे, आणि पायाखालचा दगड दख्खनचा बेसॉल्ट, वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. पूर्वेला वणीकडे गेले की तो संपत जातो आणि कोळशाचे व चुनखडकाचे त्याहून जुने थर लागतात. बेसॉल्ट कुजून झालेल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण बहुधा निम्म्याहून अधिक असते, आणि त्यातले स्मेक्टाइट नावाचे खनिज पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते. चैत्र-वैशाखात कापसाच्या वावरात पडणाऱ्या भेगा मीटरभर आणि त्याहूनही खोल जातात. वरची माती, खडा, खापर, बाटलीचे झाकण, जे असेल ते भेगेत पडते. मृगाचा पाऊस आला की भेग मिटते आणि पडलेली वस्तू आत अडकते. उलट दिशेचाही प्रवास असतो. दरवर्षी वेचून धुऱ्यावर टाकले तरी गोटे पुन्हा वर येतातच, हे कास्तकाराला माहीत आहे. फुगणारी माती दगडाला वर ढकलते.

याचा अर्थ असा की काळ्या मातीत ‘सत्तर सेंटिमीटर खोल सापडले’ एवढ्यावरून एखादे खापर जुने ठरत नाही. जमीन स्वतःलाच ढवळते, कितीही हळू असो. पांढरीत हे कमी होते, कारण राख, रेती आणि वाळवलेल्या भिंतींच्या मिश्रणात फुगण्याची ताकद कमी. म्हणून एकाच शिवारात काळीतले एक मीटर आणि पांढरीतले एक मीटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टेपवर त्या सारख्या दिसत असल्या तरी.

माती कुणी आणून टाकली, पाण्याने की माणसाने, हे ओळखण्याची एक कसोटी घरी करण्यासारखी आहे. मूठभर माती बरणीभर पाण्यात हलवा आणि ठेवून द्या. ०.०५ मिलिमीटरहून मोठे वाळूचे कण दहा सेंटिमीटर खाली यायला मिनिटही घेत नाहीत. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण तेवढेच अंतर उतरायला सुमारे आठ तास घेतो. नदीही हेच करते. पुराचा जोर असताना वाळू टाकते, पाणी निवळत गेले की बारीक गाळ. म्हणून पुराचा थर चाळल्यासारखा असतो. माणसाने टाकलेल्या थराला अशी शिस्त नसते. त्यात कोळसा, हाड, गोटा आणि धूळ एकत्र सापडतात. टेकाडाच्या उभ्या छेदात दर पाच सेंटिमीटरवर नमुना घेतला तर ८.७३ मीटरला १७४ बरण्या लागतील. एकेका बरणीचे आठ तास. उत्खननाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, या बरण्यांचे येत नाही.

आता रंगामागचे रसायन. १९२०-३० च्या दशकांत स्वीडनमध्ये ओलोफ अरेनियस नावाचे कृषिरसायनज्ञ बीटच्या शेतांत फॉस्फेट मोजत होते. खत कुठे कमी पडते, एवढाच प्रश्न होता. काही जागी फॉस्फेट अकारण जास्त निघाले, आणि त्या जागा जुन्या वस्त्यांच्या निघाल्या. कारण साधे आहे. माणूस आणि जनावर जे खाते, त्यातला फॉस्फरस मलमूत्रातून, हाडांतून, राखेतून वस्तीच्या मातीत येतो, आणि नायट्रोजनसारखा तो उडून किंवा वाहून जात नाही. चुन्याच्या मातीत कॅल्शियम त्याला धरून ठेवते.

किती साचतो? माणशी रोज फक्त एक ग्रॅम धरू, प्रत्यक्षात थोडा जास्तच असतो. शंभर माणसांच्या वस्तीत वर्षाला ३६.५ किलो. वस्ती एक हेक्टरवर असेल, तर तिथल्या वरच्या ३० सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे ३,९०० टन. म्हणजे दर किलो मातीत वर्षाला सव्वानऊ मिलिग्रॅमांच्या आसपास भर. सगळा फॉस्फरस तिथेच राहिला असे मानले, तर शंभर वर्षांत दर किलोमागे ९३६ मिलिग्रॅम. काही उकिरड्यावर जातो, काही शेणखताबरोबर वावरात जातो, पण त्याचा तिसरा हिस्सा उरला तरी शेजारच्या काळीच्या तुलनेत तो उठून दिसतो. आणि यात गुरे धरलेलीच नाहीत.

घाटंजीच्या कपाशीच्या शेतात मात्र अरेनियस यांना अडचण आली असती. डीएपी खताच्या ५० किलोच्या पोत्यात शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलो असतो. म्हणजे शंभर माणसांच्या प्राचीन खेड्याने वर्षभरात जमिनीला जे दिले, ते आजचा शेतकरी पावणेचार पोत्यांत देऊन मोकळा होतो. तीस-चाळीस वर्षे खत पडलेल्या वावरात वरचा थर फॉस्फरसाने भरलेला निघाला, तर तिथे सातवाहन नांदत होते असे नव्हे, कृषी सेवा केंद्र जवळ होते एवढेच. उपाय दोन : नमुना नांगराच्या फाळाच्या खालून घ्यायचा, कारण फॉस्फरस खाली फारसा उतरत नाही, आणि शिवाराबाहेरच्या, खत न पडलेल्या जमिनीचा नमुना तुलनेला घ्यायचा. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर येणारा ‘उपलब्ध स्फुरद’ इथे कामाचा नाही, कारण तो पिकाला मिळू शकणारा भाग असतो. पुरातत्त्वाला एकूण साठा हवा.

जी पद्धत युरोपात सर्रास चालते, तीच आपल्याकडे का अडते, याचे दुसरे उदाहरण चुंबकीय सर्वेक्षणाचे. चूल, भट्टी, जळालेले घर यांनी मातीतले लोह चुंबकीय होते आणि जमीन न खणता वरून उपकरण फिरवून ते टिपता येते. इंग्लंडच्या खडूच्या जमिनीवर जुनी भट्टी अंधारातल्या कंदिलासारखी दिसते. बेसॉल्टमध्ये मुळातच चुंबकीय खनिजे भरलेली. इथे कंदील भर दुपारी शोधायचा असतो. वणीकडच्या चुनखडकाच्या पट्ट्यात हे उपकरण सोपे, घाटंजीच्या बाजूला अवघड. एकाच जिल्ह्यात, खडक बदलला म्हणून.

पाचखेडच्या घराच्या चुनखडीच्या जमिनीलाही हा खडकांचा नकाशा लागू आहे. यवतमाळ जिल्ह्यात चुनखडी दोन ठिकाणांहून येऊ शकते : काळ्या मातीतच तयार होणारे कंकराचे खडे, किंवा पूर्वेकडचा प्राचीन चुनखडक. राळेत घट्ट केलेल्या तुकड्याची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर दोन्ही वेगळे ओळखू येतात. कंकरात त्याच मातीचे कण अडकलेले दिसतात. जमीन करणाऱ्याने चुनखडी घरामागून वेचली की बैलगाडीने आणली, हा प्रश्न एका चकतीवर सुटू शकतो.

तारखांकडे येऊ. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कोळशात मूळच्या कार्बन-१४ पैकी ७० टक्के अजून शिल्लक असते, म्हणून मोजायला भरपूर. दिल्लीच्या केंद्रातल्यासारख्या त्वरकयंत्राला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन मिसळला, म्हणजे एखादे मूळ शिरले, तर वय फक्त ३६ वर्षांनी चुकते. तीच एक टक्क्याची भेसळ ४० हजार वर्षांच्या कोळशात झाली तर उत्तर ३३ हजारांच्या आसपास येते. लोहयुगाला भेसळीची धास्ती कमी.

पण लोहयुगाची खोड वेगळी आहे, आणि ती विदर्भाला नेमकी नडते. हवेतले कार्बन-१४ सगळ्या काळात सारखे नव्हते, त्यामुळे प्रयोगशाळेतले वय झाडांच्या वलयांवरून तयार केलेल्या वक्राशी ताडून पाहावे लागते. हा वक्र इ.स.पू. ८०० ते ४०० या चारशे वर्षांत जवळजवळ सपाट आहे. प्रयोगशाळेने २,४५० अधिक-उणे ३० वर्षे असे अचूक दिसणारे उत्तर दिले, तरी खरी तारीख इ.स.पू. ७५० ते ४१० यांमध्ये कुठेही असू शकते. साडेतीनशे वर्षांचा पैस! आणि नागपूरभोवतीची शिलावर्तुळे, नैकुंडची लोखंड गाळण्याची भट्टी, माहुरझरी, टाकळघाट, ही विदर्भाची बहुतेक महाश्मयुगीन गाथा याच सपाटीवर येते. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, तेवढी ही अनिश्चितता. दोन स्थळांपैकी जुने कोणते, असा वाद एकेका तारखेवरून रंगतो तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे.

वाळूच्या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले ते सांगणारी प्रदीपन पद्धत आहे, पण तिच्यातली चूक साधारण ५ ते १० टक्के. २,७०० वर्षांवर ती १३५ ते २७० वर्षे होते. तिथेही सुटका नाही. सुटका आहे ती थरांच्या क्रमात. खालचा थर वरच्याहून जुना असणारच, या एका बंधनात पाच-सहा तारखा एकत्र बांधल्या की प्रत्येकीचा पैस आकसतो. म्हणजे महागड्या यंत्राला शेवटी त्या उभ्या छेदाचाच आधार घ्यावा लागतो. छेद नीट वाचला नसेल, भेगेतून खाली आलेला कोळसा खालच्या थराचा म्हणून पाठवला असेल, तर बांधणीच चुकीची.

हे किती टोकाला जाऊ शकते, ते पुणे जिल्ह्यात बोरी येथे दिसले. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि त्याच्या जोडीने अश्मयुगीन हातकुऱ्हाडी. महाराष्ट्रात त्या काळात जागृत ज्वालामुखी नव्हता, राख दूरच्या उद्रेकाची. १९८० च्या दशकाच्या शेवटी पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९५ मध्ये अरगॉन-अरगॉन पद्धतीने ६ लाख ७० हजार. दरम्यान राखेतल्या काचेच्या रसायनावरून इतरांनी म्हटले की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची राख, वय ७४ हजार वर्षे. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात एकोणीस पटींची तफावत. चौदा लाख खरे असेल, तर दख्खनवर माणूस फार लवकर आला. चौऱ्याहत्तर हजार खरे असेल, तर त्या हातकुऱ्हाडी भलत्याच उशिरापर्यंत वापरात होत्या.

यंत्रे खोटे बोलली नव्हती. नदीने राखेत जुने खनिज कण मिसळले असतील तर वय वाढते. राख आकाशातून पडली तिथेच राहिली, की पावसाने डोंगरावरून धुऊन आणली, यावर हत्यारे तिच्याआधीची की नंतरची हे ठरते. वाद प्रयोगशाळेतून पुन्हा कुकडीच्या काठावरच येऊन थांबला. मला स्वतःला बोरीची गोष्ट पाचखेडच्या बातमीशेजारी ठेवून वाचावीशी वाटते. नवा आकडा आला की ‘इतिहास बदलणार’ असे मथळे येतात, आणि थर कसा जमला हे आतल्या पानावरही नसते.

हवामानाचे आकडे आणखी फसवे. घाटंजीच्या पश्चिमेला सरळ रेषेत सुमारे १९० किलोमीटरवर लोणारचे विवर आहे. त्याच्या तळातून काढलेल्या दहा मीटर लांबीच्या गाळाच्या नळकांड्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोन पट्ट्यांत सापडले. तळ्याचे पाणी आटून खारेपणा फार वाढला तरच हे स्फटिक धरतात. त्यावरून दोन प्रदीर्घ कोरडे काळ ठरले : आजपासून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी, आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी.

आता हे आकडे मराठी इतिहासावर ठेवून पाहा. शिरूर तालुक्यातले इनामगाव हे ताम्रपाषाणयुगातले आपले सर्वांत सविस्तर खणलेले खेडे. इ.स.पू. १६०० ते ७००, १३० हून अधिक घरे. तिथे पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल पाट मिळाला. इ.स.पू. १००० नंतर तिथली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकार वाढली. कारण म्हणून पाऊसमान घटल्याचे सांगितले जाते. पण लोणारच्या मोजणीत इनामगावचा सगळा काळ, चढतीचा आणि पडतीचाही, दोन कोरड्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडतो. आणि दुसरा कोरडा काळ, साधारण इ.स.पू. ५० ते इ.स. १३५०, तो तर सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट आणि यादव यांचा. अजिंठ्याची बहुतेक लेणी कोरली गेली ती याच ‘दुष्काळा’त.

मग खोटे कोण? कुणीच नाही. तळ्याचा गाळ शतकांची सरासरी सांगतो, खेडे मात्र लागोपाठच्या तीन वाईट वर्षांतही मोडते. इनामगाव लोणारपासून अडीचशे किलोमीटरहून दूर, पर्जन्यछायेत आहे, आणि तिथे घोड नदीने पात्र बदलले तर पाऊस पुरेसा असूनही पाट कोरडा राहतो. हे खुद्द घोडच्या काठाच्या गाळातच वाचावे लागते. उलट बाजूने, कोरड्या काळातही राज्य टिकते, जर पाणी अडवले तर. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे वाकाटक राजा देवसेनाच्या काळचा शिलालेख आहे, शके ३८०, म्हणजे इ.स. ४५७-५८. देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची त्यात नोंद आहे. लोणारपासून वाशीम दूर नाही. तळ्यात स्फटिक धरत होते तेव्हा शेजारी माणसे बांध घालत होती. यातला एकच पुरावा हाती असता तर आपण अर्धीच गोष्ट सांगितली असती.

शेवटचा थर घाटंजीपासून खूप लांब आहे. वाघाडीचे पाणी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात तळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यांचे म्हणणे असे : गेल्या काही हजार वर्षांत मान्सून मंदावला तशी मध्य भारतातली मातीची धूप घटली नाही, उलट वाढली, कारण झाडोरा विरळ झाला. पुढे नवाश्मयुगात दख्खनवर शेती आली आणि लोहयुगात ती पसरली, तेव्हा धूप आणखी वाढली. समुद्रतळाशी जाणारा गाळ अधिकाधिक बेसॉल्टच्या जातीचा, म्हणजे आपल्या बाजूचा, होत गेला.

पाचखेडच्या तळाशी ज्या काळातल्या लोखंडाच्या वस्तू मिळाल्या, त्या काळी लोखंडी कुऱ्हाड आणि फाळ हातात आलेल्या लोकांनी काळीवर काय केले, त्याचा जमाखर्च असा दोन वह्यांत लिहिलेला आहे. जमेची वही पांढरीच्या टेकाडात आणि खर्चाची समुद्राच्या तळाशी.

समुद्रातली वही कुणी हलवत नाही. टेकाडाची मात्र पाने जातात. पांढरीची माती खत म्हणून चांगली, भिंती सारवायला चांगली, विटांनाही चालते, हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी ती टोपलीने जायची, मग बैलगाडीने, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर. १९६० च्या महाराष्ट्राच्या प्राचीन स्मारक कायद्याचे कवच अधिसूचना निघून संरक्षित झालेल्या जागांना मिळते. गावामागचे बिननावाचे टेकाड त्यात नसते. एका ट्रॉलीत साधारण तीन घनमीटर माती बसते. सुरुवातीचा तो २.९१ मिलिमीटरचा आकडा सरासरी म्हणून फसवा आहे हे मान्य करूनही एकदा वापरायचा झाला, तर एका ट्रॉलीत शंभर चौरस मीटरवरची दहा वर्षे जातात. दिवसाला बारा फेऱ्या झाल्या तर सव्वाशे.